दोनदा वाचलेला आकडा

पाच नंबरच्या काचेच्या पेटीतल्या बाळाचे ओठ जांभळे होत चालले होते. पेटीवरच्या पडद्यावर त्याच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसत होता, अडुसष्ट. पंच्याऐंशीच्या खाली गेला की मशीनने ओरडायला हवं. ते गप्प होतं.

“सिस्टर,” पेटीशेजारी स्टुलावर बसलेली बाई म्हणाली. “ओठ.”

सिस्टर मंगला वळवी तीन पावलांत आल्या. गोल खिडकीतून हात आत घालून त्यांनी बाळाच्या तळपायाला टिचक्या मारल्या. चौथ्या टिचकीला बाळाने अंग आक्रसलं, छाती हलली. आकडा हळूहळू चढायला लागला. बहात्तर, एकोणऐंशी, अठ्ठ्याऐंशी.

सिस्टरांनी हात बाहेर काढला आणि त्या माझ्याकडे वळल्या.

“मॅडम, तुम्ही म्हणालात, आता वाजेल.”

मी तसं म्हणाले होते. वीसच मिनिटांपूर्वी. मी मशीनचा सगळा प्रोग्रॅम नव्याने भरला होता, धोक्याची मर्यादा माझ्या हाताने पंच्याऐंशीवर लावली होती आणि सिस्टरांना सांगितलं होतं की या पेटीपाशी आता थांबायची गरज नाही. त्या दुसऱ्या बाळाकडे गेल्या होत्या. आता पडद्याच्या कोपऱ्यात, पंच्याऐंशीच्या जागी, शून्य होतं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नाशिकला अशी मशीनं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पेटीवर ती बसवतात. ही बाळं मधेच श्वास घ्यायचं विसरतात. मशीन वाजलं, सिस्टर धावली, टिचकी मारली की पुन्हा घेतात. सगळा खेळ त्या वाजण्यावर असतो.

मशीनमध्ये एक कार्ड असतं. बाळाच्या पायाला गुंडाळलेल्या पट्टीकडून ते आकडा घेतं आणि मशीनला देतं. कार्ड आणि मशीन यांच्यामध्ये एक लहानसा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्ड काय सांगतंय ते ऐकून, नीट लावून आत पोचवायचं, एवढंच त्याचं काम. तो ड्रायव्हर मी लिहिलेला होता.

शहाद्याजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात आमची मशीनं होती. मंगळवारी तिथे एक बाळ गेलं. मशीन वाजलंच नाही. गुरुवारी सकाळी साडेदहाला मी तिथे पोचले, तेव्हा वॉर्डात सात बाळं होती. त्यातल्या सगळ्यात नाजूक दोघांना घेऊन डॉक्टर चौधरीबाई दवाखान्याच्या एकुलत्या एक अ‍ॅम्ब्युलन्समधून धुळ्याला निघाल्या होत्या. धुळ्यातही तेवढ्याच दोन जागा मिळाल्या होत्या. मागे राहिली पाच बाळं, सिस्टर वळवी आणि त्यांच्या हाताखालची एक नर्स.

आणि इकबाल पिंजारी. दवाखान्यातली सगळी मशीनं तोच सांभाळायचा. चाळिशीचा, सडपातळ माणूस. तीन महिन्यांपूर्वी जुनी कार्डं बाद झाली तेव्हा ही नवी कार्डं त्याने बसवली होती. बाहेर व्हरांड्यात एक हवालदार बाकावर बसला होता, इकबालसाठी. माझा रिपोर्ट झाला की त्याला घेऊन जायचं, असं ठरलेलं दिसत होतं.

पहिलं मशीन उघडलं तेव्हाच मला कळलं की कार्ड आमचं नाही. रंग तोच, आमचं नावही छापलेलं, पण सोल्डरिंगचे डाग देण्याची पद्धत वेगळी.

“बनावट आहे हे,” मी म्हणाले.

“मला काय माहीत ताई,” इकबाल म्हणाला. “तुमच्या कंपनीला अकरा मेल केले मी. चार महिने थांबा म्हणाले. चार महिने बाळांना कुठे ठेवू? एका डीलरने आणून दिली. घातली, मशीनने घेतली. तुमचं मशीन बनावट कार्ड घेतच नाही असं तुम्हीच ट्रेनिंगला सांगितलं होतं ना? म्हणून मला वाटलं, अस्सल आहेत.”

ते खरं होतं. कार्ड अस्सल आहे की नाही हे मशीन सुरू होताना तपासतं. अस्सल नसेल तर मशीन चालतच नाही. मग ही कार्डं आत शिरली कशी, आणि धोक्याची मर्यादा शून्यावर कोण नेत होतं? मर्यादा पुन्हा लावली तर ती चार-पाच मिनिटांत परत शून्य व्हायची. शून्याच्या खाली कुठलाच आकडा जात नाही. म्हणजे मशीन कधीच वाजणार नव्हतं.

मला वाटलं आतला प्रोग्रॅम बिघडला असेल. म्हणून मी तो नव्याने भरला, आणि पाच नंबरचं बाळ जांभळं पडलं.

“आता काय करायचं?” सिस्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या उत्तराची वाट बघत होत्या.

माझ्या बॅगेत एकच अस्सल कार्ड होतं, तपासणीसाठी आणलेलं. पाच नंबरपाशी ती बाई होती; एक नंबरपाशी बसायला कोणीच नव्हतं, म्हणून ते मी एक नंबरच्या मशीनमध्ये घातलं. उरली चार.

“आयांना आत बोलवा,” मी म्हणाले. “प्रत्येकीला आपल्या बाळापाशी बसवा. पडदा बघू नका म्हणावं. बाळाकडे बघा.”

“पाच नंबरपाशी ही सकाळपासून तशीच बसलीय,” सिस्टर म्हणाल्या आणि बाकीच्यांना आणायला गेल्या.

मी स्टुलावरच्या बाईकडे पाहिलं. विशी-बाविशीची असेल. पोटाचे टाके दुखत असावेत, एक हात पदराखाली पोटावर दाबून धरलेला. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. तिची नजर पेटीच्या काचेवर होती.

मी वॉर्डातच औषधांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. इकबालने एक जादा मशीन आणून शेजारी ठेवलं आणि त्यात तसलंच एक कार्ड घातलं.

“ताई, हे आकडे तरी खरे दाखवतं का?”

“तुला काय वाटतं?”

“मी हातातल्या यंत्राने रोज ताडून बघायचो. आकडा बरोबर असतो. वाजत नाही, हे मात्र मंगळवारीच कळलं.”

मी ड्रायव्हर उघडला. कार्डाला मशीनच्या स्मृतीतला एक छोटा तुकडाच मोकळा होता. तिथे ते आपला निरोप ठेवतं. आधी निरोपाची लांबी, मग निरोप. त्या तुकड्याबाहेर त्याला हात लावता येत नाही. निरोप उचलून आत नेणं ड्रायव्हरचं काम. आत चोवीस आकड्यांची जागा. त्याला लागूनच कार्ड अस्सल असल्याची नोंद, आणि त्याच्यापुढे धोक्याच्या मर्यादा. निरोप चोवीसपेक्षा लांब असता तर पुढच्या नोंदींवर सांडला असता. पण लांबी मी तपासत होते. चोवीसपेक्षा जास्त असेल तर निरोप घ्यायचाच नाही, अशी ओळ तिथे होती. मी ती तीनदा वाचली.

कार्ड सांगत असलेली लांबी पडद्यावर छापायला लावली. चोवीस. पुन्हा चोवीस. पाच मिनिटं मी बघत बसले. दर वेळी चोवीस, आणि जादा मशीनची मर्यादा शून्य.

“ड्रायव्हर बरोबर आहे,” मी म्हणाले. “दुसरंच काहीतरी आहे.”

इकबालने जादा मशीनमधलं कार्ड काढून पुन्हा बसवलं.

“सिस्टर.” पाच नंबरच्या पेटीकडून तोच आवाज. सिस्टर तीन नंबरच्या बाळाच्या नाकातली नळी काढून घेत होत्या, त्यांना हात सोडता येईना, आणि दुसरी नर्स औषधं आणायला गेली होती. इकबाल धावला. त्याने खिडकीतून हात आत घातला, पण टिचकी मारायला त्याचा हात धजेना.

“मार,” सिस्टर तिकडून म्हणाल्या. “जोरात मार. काही होत नाही त्याला.”

त्याने मारली. एकदा, दोनदा. मी टेबलाला धरून उभी होते. आकडा एकसष्टपर्यंत गेला आणि तिथून परतला. इकबाल पेटीला टेकून राहिला. त्याच्या शर्टाची पाठ घामाने चिकटली होती.

तेवढ्यात फोन वाजला. आमचे मालक गोगटे सर.

“संघमित्रा, कार्ड बनावट आहे ना?”

“हो सर.”

“मग संपलं. तसं लिहून दे, मशीनं सील कर आणि नीघ.”

“सर, इथे चार बाळं त्याच मशीनवर आहेत.”

“म्हणूनच सांगतोय, हात लावू नकोस. तू हात लावलास की ती जबाबदारी आपली होते.”

“बघते,” असं म्हणून मी फोन ठेवला.

पुन्हा टेबलापाशी बसले. डोकं चालत नव्हतं. नुसती ओळीवरून ओळ वाचत होते. लांबी वाच. चोवीसपेक्षा जास्त आहे का बघ. नसेल, तर लांबी वाच आणि तेवढा निरोप उचल.

लांबी वाच. दोनदा.

एकदा तपासताना, एकदा उचलताना. दोन्ही वेळा मी ती कार्डाच्या तुकड्यातूनच वाचत होते, आणि तो तुकडा कार्डाच्या ताब्यात होता. मी फक्त पहिला आकडा छापला होता. आता दुसराही छापायला लावला. मशीन सुरू होताना एकदा, आणि मग दर चार-पाच मिनिटांनी एकदा:

चोवीस. चाळीस.

चोवीस. चाळीस.

“काय झालं ताई?” इकबालने विचारलं.

“विचारलं की चोवीस सांगतं. मी हो म्हटलं की त्याच क्षणी आकडा बदलून चाळीस करतं.”

“बिघडलंय?”

“बिघडलेलं कार्ड इतकं वेळेवर चुकत नाही. कोणीतरी माझा ड्रायव्हर नीट वाचून हे बनवलंय.”

जादा सोळा आकड्यांतला पहिला बरोबर अस्सलपणाच्या नोंदीवर पडत होता आणि बनावट कार्ड अस्सल ठरत होतं. बनवणाऱ्याला तेवढंच हवं होतं. पुढची पंधरा नुसती शून्यं होती. ती कुठे पडतात याचं त्याला काही नव्हतं. ती धोक्याच्या मर्यादांवर पडत होती. आणि हे कार्ड स्वतः करत नव्हतं, त्याला तिथे हातच पोचत नव्हता. ते माझ्याकडून करून घेत होतं.

या घटनेच्या दोन वर्षं आधी शोभना दातार म्हणून माझी एक सहकारी होती. माझं काम तपासताना तिने याच ओळीवर लिहिलं होतं, लांबी दोनदा वाचतेस, मधल्या मधे कार्डाने बदलली तर? मी खाली उत्तर लिहिलं होतं, कार्ड आपलंच आहे, ते कशाला बदलेल? तिने पुन्हा विचारलं नाही. ते प्रश्नोत्तर अजूनही त्या ओळीच्या वर तसंच होतं. इतका वेळ मी त्याच्यावरून नजर फिरवत होते.

दुरुस्ती छोटी होती. निरोप एकदाच, पूर्ण, माझ्या जागेत उतरवून घ्यायचा. मग त्या प्रतीतली लांबी तपासायची आणि तीच वापरायची. कार्डाने मागे काहीही बदललं तरी मला फरक पडणार नाही. चार-पाच ओळी. मी त्या लिहिल्या, जादा मशीनवर भरल्या. मशीन सुरू झालं आणि लगेच बंद पडलं. पडद्यावर अक्षरं आली, कार्ड अस्सल नाही.

बरोबरच होतं. आता नोंद खोटी करता येत नव्हती, म्हणून मशीन कार्डाला बाहेर काढत होतं. मी माझं काम नीट केलं की ही चारही मशीनं बंद पडणार होती.

“मग?” इकबालने विचारलं.

“ती तपासणीच काढून टाकते. कार्ड बनावट आहे हे माहीत असून चालवायचं. आकडा घ्यायचा, बाकी कशावर विश्वास ठेवायचा नाही.”

“तुमच्या सरांना चालेल?”

मी तपासणीची ओळ खोडली. जादा मशीनची पट्टी मी स्वतःच्या करंगळीला गुंडाळली आणि धोक्याची मर्यादा मुद्दाम शंभरवर लावली. मशीन ओरडायला लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ओरडतच होतं. वॉर्डातल्या आया माना वळवून बघत होत्या. सिस्टर म्हणाल्या, “राहू द्या. वाजू द्या जरा.”

एकेक मशीन करायला पंधरा मिनिटं लागत होती, आणि तेवढा वेळ त्या पेटीवर आकडाही दिसत नसे. मशीन बंद केलं की सिस्टर हात आत घालून बाळाच्या छातीवर दोन बोटं ठेवून उभ्या राहायच्या, ओठ हलवत श्वास मोजायच्या. पाच नंबरचं शेवटी केलं. ते बंद असताना बाळ पुन्हा थांबलं. या वेळी टिचक्यांनी भागलं नाही. सिस्टरांनी श्वास देण्याचा रबरी फुगा घेतला, मास्क बाळाच्या तोंडावर धरला आणि दाबत राहिल्या. मी मशीनसमोर पेन ड्राइव्ह हातात घेऊन उभी. प्रोग्रॅम अर्धा भरला होता. मधेच थांबवला असता तर मशीन कायमचं गेलं असतं. स्टुलावरची बाई उठून उभी राहिली होती. किती वेळ गेला माहीत नाही. मग फुग्याच्या मधेच बाळ बारीकसं रडलं.

चार वाजून गेले होते. चारही मशीनांवर पंच्याऐंशी दिसत होतं आणि ते तिथेच राहत होतं. दुपारभरात दोनदा मशीनं वाजली, दोन्ही वेळा खरी.

हवालदार दारात आला. “मॅडम, तुमचा कागद झाला का? याला घेऊन जायचंय.”

मी त्यालाच कोरा कागद मागितला. कार्ड बनावट होतं हे लिहिलं. ते ओळखणं इकबाल पिंजारी यांना शक्य नव्हतं, कारण आमच्या मशीनने ते अस्सल ठरवलं, हेही लिहिलं. मग शोभनाचा प्रश्न आणि माझं उत्तर, तारखेसकट. खाली सही केली. संघमित्रा ढवळे. हवालदाराने कागद वाचला, त्याला त्यातलं फारसं कळलं नसावं. त्याने विचारलं, “म्हणजे याला न्यायचं की नाही?”

“नाही,” मी म्हणाले. “मी येते हवं तर.”

मला कोणी नेलं नाही. त्या कागदामुळे इकबाल सुटला, वर्षभर खेटे घालून का होईना. माझी नोकरी पंधरा दिवसांत गेली. गोगट्यांनी पुढे सगळ्या मशीनांवर लांबी एकदाच वाचायची ती दुरुस्ती भरली, कुणाला काही न सांगता. कार्ड कोणी बनवलं ते कधीच कळलं नाही. डीलरचा पत्ता एका बंद गाळ्याचा निघाला.

निघण्याआधी मी पाच नंबरच्या पेटीपाशी गेले. बाई परत स्टुलावर बसली होती. दिवसभर तिनेच ते बाळ राखलं होतं. तिला काहीतरी सांगायला हवं असं मला वाटलं.

“आता मशीन वाजेल,” मी म्हणाले. “तुम्ही थोडं पडा. तुमच्या बाळाला काही होणार नाही.”

तिने मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. सिस्टर मागून आल्या आणि त्यांनी माझ्या कोपराला धरून मला बाजूला नेलं.

“हिचं नाही ते,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “याची आई अजून शुद्धीवर आलेली नाही. ही सुमली पावरा. मंगळवारी गेलं ते हिचं. टाके ओले आहेत म्हणून घरी सोडलं नाही अजून. सकाळी उठून इथे येऊन बसली. मी पण उठवलं नाही.”

मी परत गेले आणि तिच्या शेजारी फरशीवर बसले.

“मंगळवारी मशीन वाजायला हवं होतं,” मी म्हणाले. “ते वाजलं नाही, कारण त्यातलं काम मी चुकीचं केलं होतं. मी.”

ती ऐकत होती. नजर काचेवरून हलवली नाही.

“वाजत नाही तोवर बाळ बरं आहे, असं सांगितलेलं मला,” ती म्हणाली. शब्द शोधून शोधून बोलत होती. “मी बसलेली होते ना जवळ. ओठ काळे झाले, ते दिसले मला. मी मशीनकडे बघितलं. ते गप्प होतं. मग मी पण गप्प बसले.”

वॉर्डात कुठेतरी नळ चालू होता.

“मी हाक मारली असती तर?” तिने विचारलं.

सकाळपासून दोनदा, नुसत्या टिचक्यांनी, याच पेटीतलं बाळ परत आलेलं मी बघितलं होतं. तिनेही बघितलं होतं.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलले ते तिला कळलं होतं. ती रागावली नाही. पुन्हा पेटीकडे वळली.

जरा वेळाने मशीन वाजलं. सिस्टर पलीकडून धावत आल्या. पण सुमलीचा हात त्याआधीच आत गेलेला होता.